डिसेंबरात पाहिलेलं गाव

पत्र : ताई, आम्ही नाशिकचे. नवरा सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे, पगार ५५ हजार. त्याला राजस्थानात फलोदीजवळ भादल्याच्या सोलर पार्कमध्ये नोकरी चालून आली आहे, ८८ हजार देतात. मी अनुदानित मराठी शाळेत अकरा वर्षं शिक्षिका आहे, पगार ५८ हजार. मुलगी चौथीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, मधुमेहही आहे. आम्ही इथे १४ हजार भाडं भरतो. हा डिसेंबरात मुलाखतीला गेला, तीन दिवस राहिला आणि गावाच्या प्रेमात पडूनच परत आला. गर्दी नाही, भाडं निम्मं, हवा स्वच्छ, हजारो पक्षी. म्हणतो, सगळेच जाऊ, आयुष्याचा दर्जा सुधारेल. तो १ एप्रिलला रुजू होईल, आम्ही जूनमध्ये जायचं आणि मी राजीनामा द्यायचा असं त्याच्या मनात आहे. मी काही विचारलं की म्हणतो, "तू आधीच नाही म्हणायचं ठरवून बसली आहेस." मी आडमुठेपणा करते आहे का?

उत्तर :

नाही, तुम्ही आडमुठेपणा करत नाही आहात. हे आधी सांगते, कारण पत्रातला तो शेवटचा प्रश्न मला फार लागला. चार माणसांचं घर उचलून हजार किलोमीटरवर न्यायचं तर कुणीतरी बारीकसारीक विचारायलाच हवं. ते काम तुमच्या घरात तुम्ही करता आहात, एवढंच.

तुमचे यजमानही काही खोटं सांगत नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे. माझी चार वर्षं बिकानेर जिल्ह्यात, नोख्याला गेली. नवऱ्याची बँकेतली बदली होती, मुलगा तेव्हा दुसरीत. त्यामुळे डिसेंबरातलं मारवाड म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सकाळी आठला ऊन गुळासारखं गोड लागतं. आभाळ इतकं निळं की आपल्याकडे तसं फक्त गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात दिसतं. फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवर खीचन नावाचं गाव आहे. तिथे मंगोलियाच्या बाजूने उडत आलेले करकोचे हजारोंनी उतरतात. आपल्याकडे त्यांना कांड्या करकोचा म्हणतात, तिकडे कुरजां. गावकरी त्यांच्यासाठी 'चुग्गा घरा'त रोज पोत्यांनी धान्य टाकतात आणि हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. २०२५ मध्ये खीचनचं नाव रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेलं. पहाटे हे पक्षी रांगा धरून डोक्यावरून जातात तेव्हा त्यांचा तो कर्र कर्र आवाज ऐकून माणूस हातातलं काम सोडून उभा राहतो. तुमचे यजमान राहिले असतील तर नवल नाही.

पण कुरजां सप्टेंबरात येतात आणि मार्च सरता सरता निघून जातात. तुम्ही जूनमध्ये पोहोचणार आहात.

१९ मे २०१६ ला देशातलं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान नोंदलं गेलं, ५१ अंश. ते गाव म्हणजे हेच फलोदी. एखाद्या वर्षाचा अपवाद म्हणून सोडून द्यावं तर २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटालाही तिथे पारा ५० वर गेला होता. नाशिकला ४० झालं की आपण शाळा सकाळची करतो, पन्ह्याचं पातेलं भरून ठेवतो आणि संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर, वारा खायला जातो. तिथला उन्हाळा याच गोष्टीची वाढीव आवृत्ती असेल असं समजू नका. नोख्यातल्या पहिल्या मे महिन्यात मी दुपारी दोनला गच्चीवरचे कपडे काढायला गेले आणि दाराच्या कडीने हात भाजला. वारा सुटला की बरं वाटेल हा आपला हिशोबच तिथे चुकतो, कारण वारा म्हणजेच लू, भाजून काढणारी झळ. अकरानंतर रस्ते ओस पडतात ते सहापर्यंत. बायका सगळी कामं पहाटे चार ते नऊमध्ये उरकतात. रात्री मात्र वाळू पटकन थंड होते आणि गच्चीवर बाज टाकून झोपण्यात जे सुख आहे ते मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

शेजारच्या काकीसांनी मला तो उन्हाळा काढायला शिकवलं. बाजरीची ताकातली राबडी, जेवणात कच्चा कांदा, खिडकीच्या फटीला ओल्या फडक्याची गुंडाळी. कोरड्या हवेत कूलर छान चालतो हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते खरं आहे. फक्त कूलरला पाणी लागतं.

आता पाण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रात पाण्याचा एकही उल्लेख नाही. यजमान तीन दिवस लॉजवर राहिले असतील, नळ सोडला की पाणी आलं असेल. पश्चिम राजस्थानातली पुष्कळ गावं इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पितात. हा कालवा पंजाबात, सतलज आणि बियासच्या संगमाशी हरिके बंधाऱ्यावर सुरू होतो आणि शेकडो किलोमीटर वाळवंटातून येतो. त्याच्या दुरुस्तीसाठी उन्हाळ्याच्या तोंडावर काही आठवडे पाणी थांबवतात. तिकडे त्याला 'नहरबंदी' म्हणतात, आणि हा शब्द तिथल्या बायकांच्या तोंडी आपल्याकडच्या भारनियमनासारखा असतो. नहरबंदीत नळाला दोन-तीन दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येतं. ज्याच्या घराखाली मोठा टांका, म्हणजे जमिनीतला हौद आहे, तो निभावतो. बाकीचे टँकरची वाट बघतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी खारं, त्यात फ्लोराइड. म्हणून घर बघायला गेलात तर आधी खोल्या बघू नका. टांका किती लिटरचा, त्यावर झाकण कसलं, भाडेकरूला तो पूर्ण वापरता येतो की घरमालकाशी वाटून घ्यायचा, हे विचारा. आम्ही पहिलं घर मोठ्या अंगणाला भुलून घेतलं होतं. आठ महिन्यांत सोडलं.

आणि 'हवा स्वच्छ' हेही अर्धंच खरं. तिथे गाड्यांचा धूर नाही, कारखाने नाहीत हे कबूल. पण एप्रिल ते जून आंधी येतात. दुपारी तीनला आभाळ तांबूस होतं, मग काळोख, आणि दहा मिनिटांत घरातल्या प्रत्येक वस्तूवर बारीक वाळूचा थर. मिठाच्या बरणीतसुद्धा. माझा एक छोटा आनंद होता. कुरडया आणि सांडगे तिथे एका दुपारीत खडखडीत वाळतात, नाशिक-पुण्याला तीन दिवस लागतात. पण दोनदा आंधीने सगळं वाळवण मातीमोल केलं तेव्हा मी गच्चीवर बसून रडले होते, इतक्या साध्या गोष्टीसाठी. ज्याला दमा आहे, ज्याची छाती नाजूक आहे, त्याला ही हवा स्वच्छ म्हणता येणार नाही.

इथे मला एक प्रश्न तुम्ही दोघांनी एकत्र बसून सोडवावासा वाटतो. फलोदीत दिवसभर राहणार कोण?

तुमचे यजमान नाही. भादलाचं पार्क फलोदीहून बरंच आत आहे. सकाळी गाडीने निघायचं, तासाभराहून जास्त प्रवास, मग कंट्रोल रूम आणि सबस्टेशन, रात्री परत. २,२४५ मेगावॅटचं ते पार्क, १४ हजार एकरांचा पसारा. देशात फार थोड्या ठिकाणी असं काम शिकायला मिळतं आणि त्यांना त्याची ओढ वाटते यात मला त्यांचं कौतुकच आहे. पण गावात मंगळवारी दुपारचा एक वाजणार आहे तो तुमच्यासाठी, मुलीसाठी आणि सासूबाईंसाठी. आयुष्याचा दर्जा मोजायचा तर त्या दुपारचा मोजा. नाशिकमध्ये त्या वेळी तुम्ही वर्गावर असता, मधल्या सुटीत मैत्रिणींबरोबर डबा खाता, सासूबाई बहुधा शेजारणीशी दारात बोलत असतात किंवा देवळातून येत असतात. फलोदीत त्या वेळी तुम्ही तिघी बंद खिडक्यांच्या खोलीत असाल. तुमच्या हाताशी नोकरी नाही, सासूबाईंना हिंदी येत असली तरी मारवाडी कळणार नाही, आणि बाहेर पडण्यासारखी वेळ पाच तासांनी येणार. मी हे घाबरवायला लिहीत नाही. मी त्या खोलीत राहिले आहे. पहिलं वर्ष फार कठीण गेलं, दुसऱ्यापासून मी तिथली झाले. पण तेव्हा मी ३१ वर्षांची होते, मी कुठलीही नोकरी सोडून गेले नव्हते आणि घरात आजारी माणूस नव्हतं.

सासूबाईंबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. त्यांना जूनमध्ये तिकडे नेऊ नका. फलोदी २०२३ मध्ये जिल्हा झालं, तिथे सरकारी रुग्णालय आहे, ताप-जुलाबाला, पडण्या-झडण्याला ते आहे. पण हृदयाच्या झटक्यात ज्या उपचारांची गरज पडते त्यांच्यासाठी जायचं ते जोधपूरला. तिथे एम्स आहे आणि ते उत्तम आहे. फलोदी ते जोधपूर सुमारे १४० किलोमीटर, रस्ता चांगला असला तरी अडीच तास. छातीत कळ आल्यानंतरच्या अडीच तासांची किंमत तुम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकमध्ये अनुभवली आहे, मी वेगळं सांगायला नको. नोख्याहून माझ्या मुलाला मेंदूज्वराच्या संशयाने रात्री बिकानेरला नेलं होतं. साठ-पासष्ट किलोमीटरच होते. तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो.

झटक्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी रोजचा उन्हाळा आहेच. हृदयाच्या रुग्णांना पुष्कळदा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतात. अशा गोळ्या चालू असताना कोरड्या उष्णतेत शरीरातलं पाणी आणि मीठ झपाट्याने कमी होतं, रक्तदाब खाली येतो, चक्कर येते. काही रुग्णांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणीही मोजून सांगितलेलं असतं, त्यांची तर दोन्हीकडून कोंडी. सासूबाई इन्सुलिन घेत असतील तर वीज गेल्यावर ते कुठे ठेवायचं हा प्रश्नही आला. जाण्याचा विचार पुढे सरकलाच तर त्यांच्या नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, "४७-४८ अंशांच्या गावात यांना ठेवू का, आणि ठेवलं तर गोळ्या बदलाव्या लागतील का?" हा प्रश्न तुमच्या यजमानांनी स्वतः डॉक्टरांसमोर बसून विचारावा. तुम्ही विचारून घरी येऊन सांगितलंत तर तो पुन्हा तुमचा 'नकार' ठरेल.

पैशाचं गणित तुम्ही पत्रात आकड्यांनी दिलं आहे, पण बेरीज केलेली दिसत नाही. आज घरात ५५ आणि ५८, म्हणजे १ लाख १३ हजार येतात. तुम्ही राजीनामा दिलात की येणार ८८ हजार. महिन्याला २५ हजार कमी. भाड्यात सात वाचले असं धरा, तरी १८ हजारांचा खड्डा. त्यात एसी-कूलरचं बिल, पाण्याचे टँकर, आणि वर्षातून दोनदा नाशिकला येणं-जाणं. शिवाय तुमच्या पेन्शन खात्यात सरकार जो वाटा टाकतं तो थांबणार. पगार दीडपट होतो आहे हे फक्त एका माणसापुरतं खरं आहे. घर म्हणून तुम्ही मागे जाता आहात. आणि अनुदानित शाळेतली कायम नोकरी आज सोडली तर तीन वर्षांनी परत येऊन ती मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिक्षक भरतीची वाट बघत वय ओलांडून गेलेली किती मुलं-मुली तुमच्या आसपास असतील.

म्हणून राजीनामा हा शब्द सध्या घरात काढूच नका. जावंच लागलं तर संस्थेकडे असाधारण, म्हणजे बिनपगारी रजेचा अर्ज करून बघा. ती संस्थेने आणि शिक्षण खात्याने मंजूर करण्यावर आहे, हक्काची नाही. तरी मुख्याध्यापकांशी आत्ताच, मार्चच्या आत बोलून ठेवा.

यजमानांच्या नोकरीबद्दल तीन गोष्टी विचारून घ्यायला हव्यात, आणि त्या त्यांनीच विचाराव्यात. नेमणूक पार्कमधला प्रकल्प ज्याच्या मालकीचा आहे त्या कंपनीच्या पगारपत्रकावर आहे की देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या? कंत्राटदाराकडे असेल तर ते कंत्राट किती वर्षांचं? आणि बदलीची अट काय? सोलरमधला माणूस एका जागी राहत नाही. आज भादला, दोन वर्षांनी जैसलमेर, नाहीतर कच्छमधलं खावडा. अशी अट असेल तर तुम्ही फलोदीला घर हलवणार आणि तुमचा टांका भरायच्या आत सामान पुन्हा ट्रकमध्ये चढणार. बऱ्याच साइटवर कर्मचाऱ्यांसाठी कॅम्प, मेस आणि काही आठवडे काम करून सलग सुटी अशी पद्धत असते. ती इथे आहे का, हेही विचारा. माझा पुढचा सल्ला त्यावर टेकलेला आहे.

मुलीची मला तितकी काळजी वाटत नाही. लहान मुलं भाषा पटकन उचलतात, लिपी एकच आहे, सहा महिन्यांत ती तुमच्यापेक्षा चांगलं मारवाडी बोलेल. माझा मुलगा अजून बहिणीला 'बाईसा' म्हणतो. पण मराठी माध्यमातून ती थेट इंग्रजी माध्यमात जाईल की हिंदी, हे नीट ठरवा आणि शाळा बघताना वर्गखोल्यांत पंखे, पिण्याचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह बघा. अजून एक गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेवा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून प्रवेशासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट असते. म्हणजे गेलात तरी तिची नववी संपेपर्यंत परतायला हवं. 'बघू पुढे' म्हणत राहिलेल्या माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीला हे बारावीनंतर कळलं.

माणसांविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, नाहीतर मी त्या मुलखावर अन्याय केला असं होईल. मारवाडातली माणसं आतिथ्याला जीव लावतात. 'मनुहार' हा त्यांचा शब्द, आग्रह करकरून वाढणं. मी आजारी पडले तेव्हा आठ दिवस शेजारून डबा आला आणि भांडी परत करताना रिकामी नेऊ दिली नाहीत, त्यात गूळ घालून दिला. पण बाईने संध्याकाळनंतर एकटीने फिरणं, स्कूटरवरून बाजारात जाणं याकडे लोक वळून बघतात. मी बघू दिलं आणि जात राहिले. तुम्हाला ते जमेल की त्रास होईल हे तुमच्या स्वभावावर आहे.

शिवाय तुम्ही 'सोलरवाले' म्हणून जाणार. पॅनेलसाठी खेजडीची झाडं तोडली गेली म्हणून बिकानेर-फलोदीकडे आंदोलनं झाली आहेत. खेजडी म्हणजे आपली शमी, जिची दसऱ्याला पूजा करतो ती. त्या झाडाच्या शेंगांची सांगरी नावाची भाजी होते, पाला जनावरं खातात, सावलीत बाजरी चांगली येते. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह बिश्नोई समाजाची ३६३ माणसं या झाडांना मिठ्या मारून कापली गेली. त्यांच्या वंशजांच्या शेजारी राहायचं असेल तर हे माहीत असावं, आणि कुणी कडू बोललं तर ते कुठून येतं तेही कळावं. पोटासाठी आलेल्या माणसाला तिथली माणसं ओळखतात. ती स्वतः पोटासाठी दूर गेलेली आहेत.

त्यावरून सुचतं. नाशिकच्या बाजारात किती मारवाडी दुकानं आहेत. त्यांतल्या पुष्कळांची मुळं जोधपूर, नागौर, फलोदीकडची. तुमच्या नेहमीच्या किराणावाल्या किंवा कापडवाल्या शेठजींना विचारा, गाव कुठलं? फलोदीच्या बाजूचं निघालं तर तुम्हाला कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी माहिती मिळेल. कुठल्या मोहल्ल्यात पाणी येतं, कुठली शाळा बरी, कुणाचं घर कुलूप लावून पडलं आहे आणि भाड्याने मिळेल. त्यांना हेही विचारा की तुमचे आजोबा तिथून का निघाले. उत्तर शांतपणे ऐका, आणि जमलं तर यजमानांना बरोबर न्या.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते लिहिते.

यजमानांना जाऊ दिलं असतं, एकट्यांना, एका वर्षासाठी. त्यांच्या करिअरसाठी ही चांगली संधी आहे आणि ती तुमच्यामुळे हुकली असं घरात पुढची वीस वर्षं ऐकू येऊ नये. ते कॅम्पवर किंवा फलोदीत एका खोलीत राहतील. तुमचा पगार चालू राहिला तर घरात ८८ आणि ५८, म्हणजे १ लाख ४६ हजार येतील. त्यांचा तिकडचा खर्च आणि प्रवास वजा केला तरी आजच्यापेक्षा जास्त उरतं. सासूबाई त्यांच्या डॉक्टरांच्या जवळ राहतील, मुलगी पाचवी इथे करेल.

याची किंमत मला माहीत आहे. मुलीला वर्षभर बाबा फोनवर भेटतील. रात्री सासूबाईंना काही झालं तर तुम्ही एकट्या. नाशिकहून मुंबई, तिथून जोधपूरची रात्रभराची गाडी, पुढे फलोदी, असा एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात, म्हणजे ते शनिवार-रविवारी येऊन जाऊ शकणार नाहीत. म्हणून सलग सुटीची पद्धत आहे का ते आधीच विचारा. नसेल तर दिवाळी आणि आणखी दोन सुट्या लेखी ठरवून घ्या. तुमच्या विम्यावर कॅशलेस उपचार देणारं रुग्णालय जोधपूरमध्ये कोणतं आहे तेही बघून ठेवा, त्यांच्या स्वतःच्यासाठी. उघड्यावर काम करणाऱ्याला उष्माघात होतो.

आणि या वर्षात तुम्ही फलोदी बघून या. दिवाळीत नको, ख्रिसमसच्या सुटीत तर मुळीच नको. तुम्ही शिक्षिका आहात, मे महिना तुमचा मोकळा आहे. सासूबाईंना नणंदेकडे किंवा दिराकडे ठेवा आणि मुलीला घेऊन दहा-बारा दिवस जा. लॉजवर राहू नका, यजमानांच्या खोलीवर राहा. ते कामावर गेल्यावर दुपार तुम्ही दोघींनी काढा. पाणी किती दिवसांनी आलं ते लिहून ठेवा. भाजी आणायला जा. एक आंधी बघा. रात्री गच्चीवर झोपा, तिथल्या चांदण्या मुलीला दाखवा. एक दिवस पहाटे निघून जोधपूरच्या एम्सपर्यंत गाडीने जाऊन या, घड्याळ लावून. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहा आणि तिथल्या आयांशी बोला.

हे सगळं करून तुम्हाला गाव आवडलं, तर पुढच्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन जा, आणि मी मनापासून सांगते, छान राहाल. नाही आवडलं तर 'नाही' म्हणायला तुमच्यापाशी बारा दिवस असतील आणि यजमानांना ते नाकारता येणार नाहीत. आत्ता त्यांच्यापाशी तीन दिवस आहेत आणि तुमच्यापाशी नुसती भीती आहे, म्हणून बोलणं पुढे सरकत नाही.

त्यांच्याशी बोलताना "मला यायचं नाही" किंवा "मला यायचं आहे" यांतलं काहीच म्हणू नका. "मला मे महिन्यातलं फलोदी बघायचं आहे" एवढंच म्हणा. ज्या माणसाला गाव खरंच आवडलं आहे तो याला नाही म्हणणार नाही. म्हणालाच, तर मला पुन्हा लिहा, मग आपल्याला वेगळ्या विषयावर बोलावं लागेल.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. १० मे च्या आसपास निघायचं असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिकिटं काढायला बसा, सुटीत या गाड्या मारवाडला जाणाऱ्यांनी भरून जातात. जाताना लिंबं न्या, पातळ सुती ओढण्या न्या आणि मुलीसाठी ओआरएसची पाकिटं. दुपारच्या कोंडलेल्या तासांसाठी पत्त्यांचा एक जोड असू द्या. आल्यावर काय ठरलं ते कळवा.